गुडघे दुखतात, व्यायाम कुठे?

आमच्या व्यायामवर्गाच्या वेबसाइटवर मी हौसेने ‘सर्वांगीण आरोग्यसाधना’ असं लिहिलं होतं. कुणी फिरकेना. वर्ग बंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, असं कोण शोधतं? लोक लिहितात, गुडघे दुखतात, व्यायाम कुठे?” तिने तेच शब्द घातले, सोबत आमच्या पेठेचं नाव.

काही आठवड्यांनी एक काकू मोबाइल हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

“गुडघ्यांचा व्यायाम इथेच ना? शोधल्यावर पहिलं तुमचंच नाव आलं.”

“इथेच. या ना,” बायको म्हणाली.

घरात कुणाला न सांगितलेलं दुखणं माणूस मोबाइलवरच्या शोधाच्या त्या एवढ्याशा चौकटीत लिहितो, आणि कुणीतरी ‘या’ म्हणण्याची वाट बघतो. काकू खुर्चीत टेकल्या, हुश्श म्हणाल्या. मीही कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.