पाटावरची पलटण

आमचे हे फौजेत होते. जहाजात पलटणीचं सामान कसं भरायचं, हे ठरवणाऱ्या तुकडीत. लढाई नसतानाच पुढच्या लढाईची मांडणी करून ठेवायची, हे त्यांचं काम. सुट्टीवर घरी सौंसरला आले तरी ते डोक्यातून जात नसे. लंकेत फौज जाणार अशी कुणकुण होती, त्या पावसाळ्यात ते आले आणि ओसरीवर राखेनं समुद्र आखला. माझा जेवायचा पाट म्हणजे जहाज, कांदे म्हणजे गाड्या, अन् डब्यातले तुरीचे दाणे म्हणजे शिपाई.

"जे पहिलं उतरवाचं, ते शेवटी भराचं," ते समजावून राहिले होते.

सासूबाई म्हणाल्या, "तिथं लढाई लागली का रे?"

"नाही माय, शांतता राखाले जाऊन राहिले."

"मंग बंदुका कायले?"

"शांतता राखाले."

"हाव बाप्पा!" म्हणून त्या वाती वळायला लागल्या.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. विचारलंच, "यातला तुमचा दाणा कोणता?"

त्यांनी एक दाणा राखेच्या अलीकडे ठेवला. "मी बंदरावरच. भरून देतो अन् वापस येतो."

तेवढ्यात कोंबडी ओसरीवर चढली आणि टपाटप अर्धी पलटण गिळून मोकळी झाली. सगळे खो-खो हसले. मी मात्र "जळो तुझं तोंड!" करत झाडू घेऊन तिच्यामागे धावले, आणि परत येऊन रडत बसले. एवढं काहून रडू आलं, माझं मलाच कळेना. यांचा दाणा वाचला होता. तो पदराच्या गाठीत बांधला आणि ते गेल्यावर न्हाणीमागे पेरला.

हिवाळ्यात ते आले. काळे पडलेले, पण धडधाकट. तुरीचं झाड शेंगांनी वाकलं होतं.

"हा तुमचा दाणा," मी म्हटलं.

ते खूश होऊन शेंगा सोलायला बसले. मला त्या ओल्या दाण्यांचा सोलेभात करायचा होता. मन कसं निवांत होतं माझं!

"बंदरावर लय गर्दी असन, नाही?" मी सहज विचारलं.

"कायची गर्दी? मी तर आरामात, सगळ्यात शेवटी चढलो," ते बोलून गेले आणि त्यांचा हात थांबला.

"शेवटी चढला तो पहिला उतरते. तुम्हीच शिकवलं मले."

माझं डोकं असं फिरलं! "खोटारडे!" म्हणून शेंगांची टोपलीच ओढून घेतली. मग त्यांच्याकडे पाहिलं. समोर बसला होता माणूस, आख्खा.

टोपली परत सरकवली. "सोला आता. सगळ्या सोला."