पटसंख्या एक

विषय : कु. ईरा, वय आठ, राहणार वाई, हिला घरी शिकत असताना मैत्रीण मिळणेबाबत.
संदर्भ : तिची रोजची तोंडी मागणी.

वरील विषयी सादर करतो की, मी तिचा आजोबा. साताऱ्यात शिक्षण खात्यात आयुष्यभर कारकुनी केली. फाईलमध्ये एक कागद ठेवला की त्याच्या ओढीनं दुसरा येतो, किश्शांचंही तसंच. पुण्याच्या शाळेत पोर बोलेनाशी झाली, म्हणून मुलगा आणि सून तिला घेऊन वाईला आले. सून घरीच शिकवते. ईरा आता भराभर वाचते, न थांबता बोलते. ऐकायला फक्त मी!

*

सुनेनं हौसेनं सहामाही परीक्षा घेतली. निकाल लावला. "ईरा, तू वर्गात पहिली!"

ईरानं विचारलं, "आणि शेवटची कोण?"

सून बराच वेळ खडू शोधत राहिली.

*

घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक महिन्यातून एकदा जमतात. साताऱ्याचे, सांगलीचे, एक कुटुंब शिरवळचं. मुलांचं 'सोशलायझेशन' व्हावं म्हणून!

एकदा आमच्या अंगणात जमले. सांगलीची नऊ वर्षांची मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. "काका, बीपीची गोळी जेवणाआधी घेता की नंतर?" ईरा त्या मुलीच्या आईशी कृष्णेच्या पुरावर गंभीर चर्चा करत होती. इकडे पालक लगोरी खेळले. दोघांची भांडणंही झाली.

निघताना मुलांनी एकमेकांना नमस्कार केला.

*

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक तरुण बाई आल्या. त्यांच्या हातातला फॉर्म मीच कधीकाळी टाइप केला असावा. चुका ओळखीच्या वाटल्या.

"शाळेत का जात नाहीस, बाळ? गुरं राखतेस? भावंडं सांभाळतेस?"

"नाही. आजोबांना सांभाळते."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि 'भावंडे सांभाळणे' या रकान्यात खूण केली.

*

शेजारची श्रावणी साडेपाचला शाळेतून येते, सहाला क्लासला जाते. मधल्या अर्ध्या तासात दूध, कपडे, आणि वेळ उरलाच तर ईरा. त्या उरलेल्या वेळात एकदा भांडण झालं. ईरा धावत आत आली.

"आजोबा, तिनं माझ्याशी कट्टी केली!"

चेहरा असा, जणू स्कॉलरशिप मिळाली!

"मग आता?"

"आता बट्टी करायला येईल ना ती!"

तीन दिवस पोर फाटकाशी उभी राहिली. चौथ्या दिवशी ईरानं स्वतःच बट्टीचं विचारलं. श्रावणी सायकलवरून म्हणाली, "कट्टी? कधी केलेली?"

*

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शाळेचं मैदान आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ईरा डबा घेऊन भिंतीलगतच्या दगडावर जाऊन बसते. घरात ताटात गरम पोळी असताना डबा!

गेल्या महिन्यात तिनं मला अर्ज लिहायला बसवलं. मजकूर तिचा, 'सविनय' तेवढं माझं.

"मला शाळेत प्रवेश नको. आई छान शिकवते. मला फक्त मधल्या सुट्टीत प्रवेश मिळावा. डबा मी घेऊन येईन."

सुनेनं तो वाचला. चष्मा पुसला आणि पालक म्हणून सही केली.

हेडमास्तर शिराळ्याकडचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"आवं अण्णा, पोरगी पुरी शाळंत घाला, आत्ता नाव लिवतो. नुसत्या सुट्टीला कुठल्या रजिस्टरात घिऊ?"

"वेगळं रजिस्टर काढा."

"आन् उद्या पटावरची समदी पोरं हाच अर्ज घिऊन आली म्हंजी?"

तरी त्यांनी अर्ज परत केला नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतो म्हणाले. आवक क्रमांक पडला आहे. समितीची बैठक अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.