सोमवारची आंघोळ

इस्पितळाच्या संगणकखोलीत बावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे ‘मास्तर’ म्हणत. बाहेरच्या तपासणी केंद्रांतून येणारे स्कॅन जवळ साठवून डॉक्टरांना झटपट देणारा सर्व्हर त्यांच्या ताब्यात होता. त्याची मेमरी हळूहळू भरत जाई, म्हणून दर सोमवारी सकाळी ते तो बंद करून पुन्हा चालू करत. “आंघोळ घातली की शहाण्यासारखा वागतो,” असं हसून सांगत.

त्या सोमवारी त्यांची धाकटी बहीण ऑपरेशनच्या टेबलावर होती. आंघोळ झाली, तरी दहा मिनिटांत मेमरी पुन्हा काठोकाठ भरली. तेवढ्यात नर्सचा फोन आला.

“मास्तर, तुमच्या बहिणीला भूल दिलीय आणि डोक्याचा स्कॅन अर्धाच उघडलाय. डॉक्टर खोळंबलेत.”

महिन्यापूर्वी मास्तरांनीच हौसेनं साठवणीची डिस्क चौपट केली होती आणि आता ती फाइलींनी भरत आली होती. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद सर्व्हर मेमरीत बाळगतो आणि चालू होताच सगळ्या नोंदी पुन्हा उचलून घेतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी घाईघाईनं साठवणीची मर्यादा पूर्वीइतकी केली. जुन्या फाइली एकेक करून पुसल्या जाऊ लागल्या. भरलेल्या मेमरीचा आकडा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून कसाबसा सत्त्याण्णववर आला, तोच फोन पुन्हा वाजला. तो उचलायला मास्तरांचा हात उठेना.