चमकी कोणत्या बाजूला

टॅटूवाल्यांच्या स्पर्धेला, म्हणजे कन्व्हेन्शनला जाताना चामडी आपली आपण न्यायची असती, असं सांगितलं की लोक हसतात. पण खरं हाये. एका बाजूला मशीन, सुया, शाई यांची बॅग, आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या अंगावर काम करायचं तो माणूस. सकाळी हॉल उघडला की सुरू करायचं आणि संध्याकाळी ताजं काम घेऊन परीक्षकांपुढं उभं राहायचं. जालन्यात माझं टॅटूचं दुकान हाये. पुण्याच्या पहिल्या कन्व्हेन्शनला मी ज्यांना घेऊन गेल्तो, ते माझे हसनाबादच्या शाळेतले सर.

चौथीत मी हातावर पेनानं साप काढला म्हणून याच सरांनी मला छड्या मारल्या होत्या. वीसेक वर्षांनी ते दुकानात आले, खिशातून मोबाईल काढून फोटो दाखवला आणि म्हणाले, "ही माझ्या छातीवर काढशील का?" त्यांची एकुलती एक पोरगी. नर्सिंगला होती, तापानं आठ दिवसांत गेली. मी गाव सोडलं तेव्हा ती पाळण्यात होती, मला तिचा चेहरा माहीतच नव्हता. "तुझी काकू तिचा फोटो बघत न्हाई," सर म्हणाले. "भिंतीवरचा पण काढून ठेवला. म्हणती, कागदात माझी पोरगी न्हाई. अंगावर असली तर बघंल." सरांना एवढंच पाहिजे होतं. मला पाहिजे होती स्पर्धा, खोटं कशाला बोलू? हू का चू न करता दिवसभर बसणारा माणूस आयताच दारात आल्ता. मी म्हणालो, "पुण्याला चला, तिथं काढू."

फोटो सेल्फी होता. काही मोबाईलमध्ये सेल्फी उलटा पडतो, डावं ते उजवं होऊन बसतं. म्हणून आम्ही टॅटूवाले फोटोत अक्षरं शोधतो, पदर कोणत्या खांद्यावर हाये ते बघतो. या फोटोत तसलं काहीच नव्हतं. साधा ड्रेस, मोकळे केस, बाजूला भांग, एका गालानं हसू आणि उजव्या नाकपुडीत चमकी. आता आपल्याकडं चमकी डावीकडंच असती. माझ्या आईची, बहिणीची, बायकोची, सगळ्यांची. म्हणजे फोटो उलटा. लै हुशार ना मी! फोटो फिरवला, चमकी डावीकडं आणली आणि अंगावर उमटवायचा छाप कागदावर काढला. सरांना विचारणं दोन शब्दांचं काम होतं. पण त्यांना परत परत तो फोटो कशाला दाखवायचा, अशी स्वतःची समजूत घातली आणि विचारलं न्हाई.

छाप अंगावर उमटला की सुई लावायच्या आधी तो आरशात दाखवायचा, हा आमचा नियम. मी आरसा धरला. सरांनी लै वेळ बघितलं आणि मान हलवली. "बराबर." मंग सात तास सुई चालली. चारी बाजूंनी मशिनींची घूं घूं, गाणी, गर्दी, आणि मधे पँटची घडी न मोडता आडवे पडलेले सर. एकदाच बोलले. "हिला इंजेक्शनची लै भीती होती रे. नर्सिंगला गेली तरी." संध्याकाळी परत आरशात बघून ते रडले, म्हणाले, "हुबेहूब." आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परतीच्या गाडीत सरांनी सीटबेल्ट छातीवर येऊ दिला न्हाई, रस्ताभर हातानं लांब धरून बसले.

मी त्यांच्यासोबत घरापर्यंत गेलो. शाबासकी घ्यायला गेलो, दुसरं काय. काकू चुलीपुढून हात पुसत आल्या. सरांनी शर्टाची बटणं काढली. काकूंनी वाकून बघितलं, अगदी जवळून, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ही कोण हाये?" त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, "अगं, बघ तर नीट."

"बघून राह्यले ना. डोळे तिचे हायेत. पण ही ती न्हाई." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "डावीकडचं नाक पिकल्तं तिचं, सातवीत असताना. महिनाभर मी हळद भरली. ते छिद्र बुजलं, मंग सोनाराकडं नेऊन मीच उजवीकडं टोचून आणलं. तुला कुणी सांगितलं रे डावीकडं म्हणून?"

पोरीला चमकी होती एवढंच सरांना माहीत होतं, बाजू माहीत नव्हती. फोटो उलटा नव्हताच. आरशात उलट्याचं सुलट झालं, म्हणून तिथं सरांना ती बराबर दिसली होती. इथं समोरून बघणाऱ्या आईला भांग दुसरीकडं, हसू दुसरीकडं, सगळी पोरगीच दुसरी. मी म्हणालो, पुसता येतं, लेझरनं करू. सरांनी बटणं लावली. "नको. तिला परत सुया नकोत."

त्यानंतर मी गोव्याला गेलो, दिल्लीला गेलो. जिथं जायचो तिथं स्टॉलच्या मागं त्याच कामाचा मोठा फोटो लावावा लागायचा, कारण त्याच्यामुळंच बोलावणं यायचं. लोक थांबायचे, डोळे किती जिवंत म्हणायचे. मला तिच्याकडं पाठ करून बसवत नव्हतं आणि तोंड करूनही बसवत नव्हतं. लॉजच्या खोलीत दात घासताना ती मागं उभी हाये असं वाटायचं. काही बोलायची न्हाई, नुसती चुकीच्या बाजूनं हसायची. भुताखेतांवर माझा बिलकुल विश्वास न्हाई, पण मी आंघोळीच्या वेळी दार उघडं ठेवायला लागलो होतो.

दिल्लीला एका गिऱ्हाइकाच्या शेजारी उभा राहून आरसा धरला आणि माझ्याच खांद्यामागं ती दिसली. तो फोटो आरशात आल्ता. चमकी उजवीकडं. मी जन्मात न बघितलेली ती खरी पोरगी पहिल्यांदा माझ्याकडं बघून राह्यली होती. मी आरसा खाली ठेवला.

जालन्यात उतरलो तो घरी न जाता तसाच हसनाबादला गेलो. काकूंना सांगायचं होतं, की आरशात बघा, तिथं ती हाये. एवढं सांगितलं की माझी सुटका होईल असं वाटत होतं.

दार उघडंच होतं. सर उघड्या अंगानं कपाटाच्या आरशापुढं स्टुलावर बसले होते. काकू त्यांच्या मागं उभ्या, हनुवटी सरांच्या खांद्यावर, नजर आरशात. मला बघून त्या दचकल्या न्हाईत.

"ये," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बसवते यांना. अशी होती बघ ती."

मी म्हणालो, "काकू, मी हेच सांगायला आल्तो."

"मला कवाच सापडलं ते." त्यांनी सरांच्या खांद्यावरून हात पुढं नेला आणि आरशातल्या त्या गालावर बोटं टेकवली. "पण हात लावला की काच लागती रे."

सर हलले न्हाईत. पुण्याला सुईखाली पडून होते तसेच बसून राहिले.