परभणीत तापणारे आरसे

मुलांनो, तुमच्या गावी गाडीच्या दारावरचे आरसे तापवावे लागतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथे रात्रभर बर्फ साचतो आणि सकाळी तुमचे बाबा टोपी घालून काचा खरवडत उभे असतात, ते मी व्हिडिओवर पाहिलं आहे. पण परभणीत? मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दाराला मी ओल्या फडक्याशिवाय हात लावत नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा गावासाठी तुमच्या बाबांनी आरसे तापवणारी गाडी निवडली. तिकडून, फोनवर, आणि आम्हाला सांगितलं ते सगळं ठरल्यावर.

दसऱ्याला आम्ही ती आणायला गेलो. शोरूममधल्या मुलाने एक बटण दाखवलं. त्यावर एक चौकोन आणि चौकोनातून वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेषा होत्या, गरम चहाची वाफ काढतात तशा.

"मॅडम, हे दाबलं की मागची काच आणि दोन्ही आरसे गरम होतात. बर्फ जमला तर लगेच वितळतो."

"कुठे जमला तर?" मी विचारलं.

"आरशावर."

त्याच्या शर्टाची कॉलर घामाने भिजली होती.

घरी पूजा झाली. चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर स्वस्तिक निघालं. माझी धाकटी जाऊ पिंगळीहून मुद्दाम आली होती. तिने दोन्ही आरशांवरही हळदीकुंकवाची बोटं ओढली. "आरसे म्हंजे गाडीचे डोळे, ताई. त्यायला सोडून कसं जमंल?" बरं, कुंकू पुसता येतं. पण आरशांवर कंपनीचं पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं, ते मी नखाने उचलायला लागले तर तुमच्या आबांनी माझा हात धरला.

"राहू दे. गुढीपाडव्याला काढू."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण तुमच्याकडे वस्तू आणतात ती वापरायला. या घराण्यात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक मुहूर्त पाहून काढतात. प्लास्टिक आहे तोवर वस्तू नवी, आणि एकदा काढलं की तिला जुनी व्हायला परवानगी दिल्यासारखं होतं. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. त्याची बटणं आम्ही अंदाजाने दाबतो आणि बातम्यांऐवजी कुस्ती लागते. गाडीच्या सीटांवर प्लास्टिक होतं, त्यामुळे वळणावर आबा मागच्या सीटवर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरत. तरी ते म्हणत, "पाडव्याला काढू." आरशात सगळं जरा दुधाळ दिसायचं. मी गप्प राहिले, कारण तेव्हा घरात त्याहून मोठं भांडण सुरू झालं होतं. ते किल्लीचं.

आबांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे बँक, वाचनालय, भाजी, आबांचे डॉक्टर आणि आठवड्यातून एकदा मानवतला माझी मैत्रीण, हे सगळं माझ्या हातातल्या किल्लीवर चालतं. ही मैत्रीण माझ्याबरोबर कॉलेजात होती. आता ती अंथरुणाला खिळली आहे. मी गेले नाही तर तिच्याशी पुस्तकांविषयी बोलणारं कुणी नाही. माझ्याशीही नाही. गाडी गेली म्हणजे काय जाणार, ते हे.

तर तुमच्या बाबांचा फोन आला.

"आई, तू आता सत्तरीला आलीस."

"तू पन्नाशीला आलास. मी काही बोलले का?"

"आपण ड्रायव्हर ठेवू."

"तो मानवतला दोन तास खुर्चीवर बसून राहील, घड्याळाकडे बघत. नको."

शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. तोडगा ऐकून मला हसावं की रडावं कळेना. माझे दीर, म्हणजे आरशांना कुंकू लावणाऱ्या जाऊबाईंचे यजमान, एकदा माझ्या शेजारी बसून लांबचा प्रवास करणार. त्यांनी "चालवू दे" म्हटलं तर किल्ली माझी. "नको" म्हटलं तर ड्रायव्हर.

परीक्षकांची पात्रता सांगते. आमचे भाऊजी जन्मभर रस्त्याच्या मधोमध गाडी चालवत आले. ब्रेकच्या जागी हॉर्न वापरतात. आरशाचा उपयोग त्यांनी केस विंचरण्यापलीकडे केल्याचं मला आठवत नाही. मी इंग्रजीतून नियमांचं पुस्तक वाचून, पट्ट्या आखलेल्या मैदानावर परीक्षा देऊन परवाना घेतला आहे. आणि माझी परीक्षा हे गृहस्थ घेणार! कारण काय, तर ते पुरुष आहेत आणि त्यांनी एके काळी ट्रॅक्टर चालवला आहे.

जानेवारीत संधी आली. भाऊजींच्या मुलीच्या सासरी, पाथरीकडे, हुरड्याचं आमंत्रण होतं. सकाळी निघालो तेव्हा असं धुकं होतं की फाटकातून रस्ता दिसेना. परभणीची थंडी तुम्हाला कुणी सांगितली नसेल. उन्हाळ्याच्या बातम्या होतात, थंडीत फक्त हाडं दुखतात. भाऊजी माझ्या शेजारी बसले, कानाला मफलर, मांडीवर हुरड्याबरोबर खायला जाऊबाईंनी दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. आबा मागे प्लास्टिकवर.

"वहिनी, लय धुई हाय. हळू घ्या."

"हळूच आहे, भाऊजी."

"एवढी बी हळू नका घेऊ. मागून कोन ठोकंल."

पुढे त्यांनी मला हॉर्न वाजवायला सांगितलं. कुणीच नव्हतं. "म्हनूनच वाजवायचा," ते म्हणाले, "कोन असलं तर मालूम पडतं."

शहर मागे पडलं आणि आरसे पार आंधळे झाले. प्लास्टिकवर दव साचलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन पुसायचं ठरवत होते, तोवर भाऊजींचं बोट त्या वाफाळत्या चहाच्या बटणावर पोचलं.

"हे कशाला हाय? पोरानं एवढा खर्च केलाय, वापरा की!"

मी "थांबा" म्हणेपर्यंत दिवा लागला. मागची काच हळूहळू मोकळी झाली, हे खरं. आरशांवर मात्र वेगळंच काही घडू लागलं. दसऱ्यापासून उन्हात भाजलेलं ते प्लास्टिक, त्याचा डिंक आता ढिला पडला. आधी बारीक फोड आले, साबुदाण्यासारखे. मग फोडांच्या वळ्या झाल्या, आणि माझ्या बाजूच्या आरशात रस्ता, झाडं, आभाळ सगळं तव्यावरच्या पापडासारखं आकसायला लागलं. जाऊबाईंच्या न पुसलेल्या कुंकवाचा ओघळ त्यातून खाली आला.

"आरसा वितळायलाय!" भाऊजी ओरडले. "बंद करा, बंद करा! सांगत होतो मी, हे फजूल काम हाय!"

"दाबलं कुणी?"

"दाबलं म्हनून काय झालं? वितळायचं काय काम हाय त्याचं?"

मी इंडिकेटर देऊन गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घेतली, धोक्याचे दिवे लावले, उतरले आणि माझ्या बाजूच्या आरशाचा कोपरा नखाने धरला. मागच्या दाराची काच खाली झाली.

"अगं, काय करतेस? आज अमावस्या आहे!" आबा.

"असू दे."

"पाडव्याला काढणार होतो ना आपण?"

"अहो, आपण तिघं पाडव्यापर्यंत राहिलो पाहिजेत ना?"

मी ओढलं. ते सालीसारखं एका दमात निघालं. पलीकडे जाऊन दुसरंही काढलं, रुमालाने काचा पुसल्या. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ती दोन चिकट सालटं माझ्याकडून घेऊन जपून घडी घातली. भाऊजी मान हलवत होते. "आरशाला हात लावला, बटन बिघडवलं, रस्त्यात गाडी उभी केली," ते आबांना मोजून सांगत होते. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात. माझा निकाल तयार होत होता, हे मला कळलं. मानवतला मैत्रिणीच्या पलंगाजवळचं माझं स्टूल डोळ्यासमोर आलं.

पुन्हा निघालो. थोड्याच वेळात पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतो आहे, दिव्याच्या जागी एक लाल चिंधी बांधलेली. त्याच्यामागे आम्ही बैलगाडीच्या गतीने चाललो.

भाऊजींना सहन होईना. "घ्या वहिनी, काढा फुडं."

"पुढचं दिसत नाही."

"मला दिसायलंय की! मोकळं हाय. घ्या, घ्या! काऊन भिता एवढ्या?"

मी उजवीकडच्या आरशात पाहिलं. काच कोरडी होती, कोमट, लख्ख. त्यात धुक्याच्या आतून एक करडा ठिपका वाढत होता. दिवे नाहीत. माणसांनी भरलेली काळीपिवळी जीप, टपावरही दोघं बसलेले, सुसाट येत होती. मी स्टीअरिंग जागेवरच धरलं.

"अवो घ्या म्हनतो ना..."

जीप आमच्या दाराला घासते की काय अशी गेली. टपावरच्या एकाचं धोतर काचेवर फडफडलं. ती ट्रॅक्टरच्याही पुढे गेली आणि धुक्यात नाहीशी झाली. भाऊजींच्या मांडीवरचा डबा खाली पडला होता. चटणी सगळ्या गाडीभर. नवं कोरं प्लास्टिक घातलेल्या सीटांवर.

आबा मागून म्हणाले, "धाकट्या, आता गप बस."

त्या आरशाचं मी कौतुक करणार नाही. तारा घालून तापवलेली काच तेवढी. पाहायचं काम तिने केलेलं नाही. हे तुमच्या बाबांना मुद्दाम वाचून दाखवा.

शेतात पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. हुरडा कोवळा होता, चटणी नव्हती. भाऊजी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांपाशी बसून सगळ्यांसमोर जीपवाल्यांना शिव्या देत होते आणि त्यांच्या गोष्टीत जीप आधी त्यांनाच दिसली होती. मी दुरुस्ती केली नाही. अशा माणसाच्या हातात आपला निकाल असताना दुरुस्त्या करू नयेत.

जेवणं झाल्यावर तुमच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला. भाऊजींनी फोन हातभर लांब धरला आणि घसा साफ केला.

"हे बघ बाळा, तुझी आई लय हट्टी हाय. कुनाचं ऐकत न्हाई."

"म्हणजे, काका? चालवू नये म्हणता?"

मी हुरड्याची ताटली खाली ठेवली.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेताकडे. "चालवू दे," ते म्हणाले. "ऐकत न्हाई तेच बरं हाय. डायवर ठेवला तर तो ऐकंल माझं."

फोन बंद झाला. पलीकडे तुमचे बाबा काय समजले, ते तेच जाणोत.

संध्याकाळ व्हायच्या आत निघायचं ठरलं. आबा शेतमालकांशी बोलत होते. भाऊजी गाडीपाशी आले, उगीच टायरला पाय लावून पाहिला.

"वहिनी, सोमवारी काय करायलात?"

"का?"

"सेलूला जायचं होतं, जिनिंगवर. कापसाचा भाव बघायला. जमंल का तुमाला?"

"तुमची गाडी कुठे आहे?"

ते मफलर सोडून पुन्हा बांधू लागले. "पोरानं किल्ली लपवून ठेवलीय. दिवाळीपासून. म्हनतो, तुमचं वय झालं."

"काय केलंत?"

"काय न्हाई. गाडी कडब्याच्या गंजीत घातली जराशिक. गंजी मऊच असती की."

माझा परीक्षक! दिवाळीपासून ज्याला स्वतःच्या अंगणातून गाडी काढू देत नाहीत, तो माझ्या शेजारी बसून माझं वय तपासत होता, आणि तुमच्या बाबांनी त्याची साधी चौकशीही केली नव्हती. बोलायला माझ्या तोंडात पुष्कळ आलं. पण ते टायरकडेच पाहत उभे होते.

"सोमवारी सकाळी तयार राहा," मी म्हटलं. "आणि भाऊजी, तुम्ही मागं बसायचं."