पाटलांचा टीव्ही, आमचा रेडिओ

चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून त्या घराला कोणता रेडिओ पाहिजे हे सांगणारा माणूस अख्ख्या वाशीम तालुक्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझा मामेसासरा निघाला. मामाजी रेडिओच्या दुकानात कामाला. पण दुकानात थोडे, लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त. डाळीवर तुपाचा तवंग दिसला की "यायले लाकडी पेटीचा," अंबाडीची भाजी दिसली की "यायले हातातला." पगारदार मास्तर महिनाभर विचार करून लहान सेट घेतो आणि त्याला झबलं शिवतो, कापूस विकलेला शेतकरी बायकापोरांसकट येतो आणि न ऐकताच सर्वात मोठा उचलतो, असा त्यांचा अभ्यास.

मग एकदा मुंबईला मुलीकडे टीव्ही पाहून आले, आणि घरोघर टीव्हीच वाटत सुटले, तोंडानं. तेव्हा टीव्हीचं चित्र दिसायचं मुंबई-पुण्याकडे, आमच्याकडे कुठलं? तरी अनसिंगच्या एका पाटलांना सांगून बसले, "तुमच्या घराले दरवाजावाला शोभते." पाटील हट्टालाच पेटले. मामाजी घाबरले.

"अजी, पण इकडं काही दिसत नाही न."

"दिसन तवा दिसन. पयले माह्या घरी आला पाह्यजे."

आला. पाटलीणबाईंनी हळदकुंकू वाहून दोन्ही दारं उघडली. आत पडद्यावर नुसत्या मुंग्याच मुंग्या. गाव तासभर मुंग्या पाहून, चहा पिऊन गेलं.

टीव्हीला जागा करायची म्हणून पाटलांचा जुना रेडिओ गोठ्यात गेला, आणि माझा जीव तिथंच अडकला. शाळा माझी दुसरीतच सुटलेली. ऐकून चार शब्द शिकावे, एवढंच मनात. पण आमचे हे कापसाच्या जिनिंगात रोजीवर. अन् एक दिवस मामाजी तो रेडिओ मागून घेऊन, एसटीत मांडीवर बसवून, आमच्या दारात हजर. मला धाकधूक, आता झाकण उचलतील, आणि आत तर ज्वारीच्या कण्या.

हे म्हणाले, "मामा, रेडिओ फुकट, पण सेल कोन आणन? आपल्या घराले झेपत नाही."

मामाजींनी त्या दिवशी झाकणाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलं. "पाटलाकडं पेटी ठेवाले जागा आहे, ऐकाले कोनी नाही. इथं ऐकनारी आहे. सेल माह्याकडं लागले."

दुकानात लोक अर्धे झालेले सेल टाकून जात. मामाजी ते गोळा करून आणत आणि आमच्या पत्र्यावर पापडासारखे उन्हात घालत. त्यावर रेडिओ आठवडाभर ठणठणीत बोले, मग कण्हायला लागे. मी कान लावून बसायची. माझी शाळा अशी पत्र्यावर वाळली.

पुढं मामाजी मुलीकडे मुंबईलाच राहिले. मी शिवणकाम धरलं, आणि त्या कमाईतून पहिल्यांदा कोरे सेल आणले. आवाज इतका मोठा आला की मीच दचकून तो कमी केला, पार कण्हण्यापर्यंत, आणि कान लावून बसले.