शेलूबाजारच्या बाईंची गाठ

वाशीमला डायलिसिसच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर शेलूबाजारच्या एक बाई असत. नाव मी कधी विचारलं नाही. यंत्र सुरू झालं की त्या बोलायला लागत, ते सुई निघेपर्यंत. मोकळा हात सारखा हवेत फिरायचा आणि अख्खी खोली ऐकायची.

एकदा इको तपासणीत त्यांच्या हृदयात चुन्याच्या खड्यासारखी कडक गाठ दिसली. किडनीच्या पेशंटला क्वचित अशी होते, कॅन्सर नाही, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नागपूरला छाती उघडून ती काढावी लागणार होती. ऑपरेशनही धोक्याचंच होतं.

त्यांचा भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "कॅन्सर नाही तं कापाचं कायले, बाई? राहू दे."

त्यांनी हवेत फिरणारा हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "उद्या लकवा होऊन वाचा गेली, तं माह्यं तुमी सारे ठरवसान. आज मले बोलता येते. मी सांगून राह्यली, काढून टाका."

स्वतःच्या शरीराबद्दल इतकं सरळ बोललेलं मी त्या खोलीत ऐकलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस त्या खाटेवर दुसरंच कोणी असे. त्यांचा विषय आम्ही काढत नव्हतो. मग एका सकाळी त्या आल्या, वाळलेल्या, छातीशी उशी धरून. गाठ पूर्ण निघाली होती. डायलिसिस तेवढं सुटणार नव्हतं.

"दुखते का?" मी विचारलं.

"हसलं का लय दुखते. म्हनून तं उशी आनली." त्यांनी ती घट्ट आवळली. "आता सांगा, मी नोती तं इथं काय काय झालं?"